‘गेट’ने जीव खाल्लाय! यामागे काही सूत्र आहे का?

कोराकागद

नमस्कार मंडळी,

कामापुरतं इंग्रजी मला व्यवस्थित येतं. ईमेल, अहवाल, करारांचे मसुदे वाचतो, लिहितोही. अडतं ते इंग्रजी मालिका बघताना आणि कॉलवर पलीकडची माणसं आपापसात बोलायला लागली की. गंमत म्हणजे अडवणारा शब्द अजिबात भारदस्त नाही. ‘गेट’! फाटक नव्हे, क्रियापद.

शाळेत ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढ्यावर भागलं होतं. आता कानावर पडलेली ही वाक्यं बघा:

‘आय विल गेट इट.’ (दारावरची बेल वाजल्यावर एक पात्र हे म्हणून उठतं. काय मिळणार आहे त्याला?)

‘यू डोन्ट गेट टू डिसाइड दॅट.’

‘दॅट्स व्हॉट गेट्स मी.’

‘ही गॉट हिज ब्रदर टू साइन.’

‘ही गॉट हिज फोन स्टोलन.’ (स्वतःच चोरायला लावला?)

‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’

कोश उघडला तर अर्थांची यादी सरता सरेना. तेवढं पाठ करण्याचं माझं वय राहिलं नाही. या सगळ्याच्या मुळाशी काही सूत्र आहे, की ऐकून ऐकून जे अंगवळणी पडेल ते खरं?

टवाळ

मला आजवर ‘गेट लॉस्ट’ एवढाच प्रकार ठाऊक होता. तो पुष्कळांनी ऐकवलाय. बाकीचे शिकायला बसतो.

तळओळ

हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून ऐसपैस लिहिते. मी मालिका आणि चित्रपटांची उपशीर्षकं मराठीत करते. पडद्याच्या तळाशी दोन ओळी, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि पुढचं पात्र तोंड उघडायच्या आत बघणाऱ्याचं वाचून झालं पाहिजे. त्या घाईत ‘गेट’ आलं की कोश उघडायला सवड नसते. उघडला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आधी थोडा दिलासा. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने काही क्रियापदांबद्दल चक्क गाऱ्हाणं मांडलंय. ही क्रियापदं भाषेत जागोजागी येतात, त्यांचा वापर सैल असतो आणि पहिल्या अर्थापासून ती इतकी लांब गेलेली असतात की माग काढता काढता दमछाक होते. त्याने दिलेल्या यादीत ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’ यांच्या बरोबरीने ‘गेट’ आहेच. तेव्हा तुम्ही भल्या संगतीत आहात.

आता सूत्र. मी कामात जे वापरते ते असं: ‘गेट’चा अर्थ ‘गेट’मध्ये शोधायचा नाही. त्याच्या पुढे काय आलंय ते बघायचं. नाम आलंय, विशेषण आलंय, जागा आलीय, की दुसरं क्रियापद? एवढं ओळखलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

पुढे नाम आलं की शाळेतलं ‘मिळणे’ चालतं, पण अर्धवट. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र आलं. ‘आय गॉट अ जॉब’, मला नोकरी लागली. ‘आय गॉट अ कोल्ड’, मला सर्दी झाली. ‘आय गॉट अ शॉक’, मला धक्का बसला. ‘गेट द बॅग’, बॅग आण. ‘गेट सम स्लीप’, जरा झोप घे. आलं, लागली, झाली, बसला, आण, घे. आपल्याकडे प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं असतं, इंग्रजी मात्र सगळीकडे ‘गेट’ टाकून मोकळी होते.

खरी मेख याच्या पुढे आहे. इंग्रजीत ‘आय’ कायम पुढे बसतो. त्या ‘आय’ने धडपड करून गोष्ट आणली, की तो नुसता बसून होता आणि ती चालत आली, हे ‘गेट’ सांगत नाही. मराठीला सांगावंच लागतं. ‘मी मिळवलं’ आणि ‘मला मिळालं’ ही दोन वेगळी विधानं आहेत, मधलं तिसरं काही नाही. ‘शी गॉट द प्रमोशन’ हे वाक्य समोर आलं की मला मागे जाऊन गोष्ट बघावी लागते. बाई वर्षभर राबली असेल तर ‘तिने बढती मिळवली’. वरिष्ठांची मर्जी असेल तर ‘तिला बढती मिळाली’. आणि बोलणारा जळत असेल तर ‘बढती पटकावली तिने’. तिन्ही अचूक आहेत, आणि यातलं कुठलं घ्यायचं हे जगातला कुठलाही कोश ठरवून देणार नाही. तुम्ही ऐकताना अडता त्यातला बराचसा भाग हाच असणार. आपला मराठी कान ‘कोणी केलं की आपोआप झालं’ याची वाट बघत राहतो, आणि वाक्य तोवर पुढे गेलेलं असतं.

तुमची बेलही याच घरातली. ‘आय विल गेट इट’मधलं ‘इट’ म्हणजे कोणीतरी उठून ज्याच्याकडे बघायला हवं ते: दार, फोन, काहीही. आपण म्हणतो ‘मी बघतो’. बिल आल्यावर ‘आय विल गेट धिस’, म्हणजे ‘मी देतो’. उंच चेंडू येताना खेळाडू ओरडतो ‘आय गॉट इट!’, तर ‘माझा!’ आणि कोणी काही समजावून सांगितल्यावर ‘गॉट इट’, तर ‘कळलं’. एका शब्दाच्या जागी एकच शब्द ठेवायचा हट्ट असेल तर हे काम सोडलेलं बरं.

विशेषण आलं की ‘गेट’ म्हणजे स्थिती बदलणं. ‘गेट टायर्ड’, ‘गेट वेट’, ‘गेट अँग्री’. कोश इथे ‘होणे’ देतो, पण दमणे, भिजणे, चिडणे अशी सुटसुटीत क्रियापदं हाताशी असताना ‘ओलं होणे’ कशाला? ‘इट्स गेटिंग डार्क’ला ‘अंधारून येतंय’. या भागात एकच खड्डा आहे. ‘बिकम’च्या पुढे नाम चालतं, पण ‘गेट’च्या पुढे ठेवलं की अर्थ पालटतो. ‘ही बिकेम अ डॉक्टर’ म्हणजे तो डॉक्टर झाला. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणजे त्याने डॉक्टरला बोलावून आणलं.

जागा किंवा दिशा आली की हालचाल, आणि तीही शेवटाला पोचणारी. ‘आय वेंट होम ॲट नाइन’, नऊला घरी गेलो. ‘आय गॉट होम ॲट नाइन’, नऊला घरी पोचलो. ‘गेट’मध्ये मुक्कामाला टेकणं आहे, बहुधा वाटेत थोडी खटपटही. ‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’, ‘गेट बाय’ ही जी पिलावळ आहे ती सगळी या हालचालीतूनच निघालेली आहे. ‘गेट ओव्हर’ म्हणजे मधल्या अडथळ्यावरून पलीकडे जाणं, म्हणून दुःखातून सावरणं. ‘गेट बाय’ म्हणजे कशीबशी वाट काढणं, म्हणून भागवणं, निभावणं. तुमचं ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे ‘तुझ्या बोलण्याचा रोख कुठे आहे?’ बोलणारा कुठल्या तरी मुद्द्याकडे सरकतोय आणि ऐकणाऱ्याला तो मुद्दा आधीच हवाय.

यातली दोन मला मराठीत आणायला फार आवडतात. ‘गेट अवे विथ इट’ला आपल्याकडे ‘पचवणे’ आहे. पैसे खाल्ले आणि पचवले. याहून नेमकं काय असणार! आणि ‘गेट अराउंड टू इट’ला ‘एकदाचा मुहूर्त लागणे’.

आता माणूस आणि त्याच्यापुढे ‘टू’सकट क्रियापद. ‘ही गॉट हिज ब्रदर टू साइन’, त्याने भावाला सही करायला लावली. कशी? पटवून, गळ घालून, कधी जरा गंडवूनही. ‘ही मेड हिज ब्रदर साइन’ असतं तर भाग पाडलं. ‘ही हॅड हिज ब्रदर साइन’ असतं तर नुसतं सांगितलं आणि झालं. तिघांत ‘गेट’लाच ‘टू’ लागतो, हे लक्षात ठेवा. ऐकताना ओळखायची खूण तीच.

फोनचं जरा नंतर लिहिते, दुसरं काम उभं आहे.

मास्तरीण

तळओळ, छान लिहिताय. मध्येच एक घुसवते. कोराकागद यांचा मूळ प्रश्न वाचून मला वाटलं की ते अडतात यात नवल काहीच नाही. त्यांचं इंग्रजी कागदावरचं आहे, आणि कागदावरच्या इंग्रजीतून ‘गेट’ला हद्दपार केलेलं असतं. शिक्षक मुलांना निबंधात ‘गेट’ लिहू देत नाहीत, मीही देत नाही. करारात तुम्हाला ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ दिसतील. हे सगळे फ्रेंच मार्गे आलेले, दरबारी पोशाखातले शब्द. बोलताना तीच माणसं ‘गॉट’ म्हणतात. घरात कोणी ‘आय हॅव ऑब्टेन्ड अ कोल्ड’ म्हणालं तर ऐकणारे आधी हसतील, मग औषध देतील.

म्हणजे वाचन वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. सुटला तर संवाद वाचून सुटेल, नाटकं वगैरे.

आणि ‘गेट’ मुळात इंग्रजीच्या घरचा नव्हे. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून तो आला. ‘टेक’, ‘दे’, ‘स्काय’, ‘एग’ ही मंडळीही तिकडचीच. जुन्या इंग्रजीत त्याचा एक चुलतभाऊ होता, पण एकटा नव्हे, जोडशब्दांत अडकलेला. तो अजून ‘फर्गेट’मध्ये सापडतो. ‘फर्गेट’ म्हणजे हातची पकड सुटणं. विसरण्याचं इतकं चांगलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

टवाळ

ते सगळं ठीक. पण आपण तरी कुठे साधे आहोत? भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, दिवा लागतो, निकाल लागतो, नाद लागतो, डोळा लागतो, ती माझी मावशी लागते, आणि शेवटी वाट लागते. एखाद्या इंग्रजाने ‘लागणे’वर असाच धागा काढला तर त्याला कोण समजावणार?

तळओळ

टवाळ, तुम्ही टवाळी करता करता मुद्द्याला हात घातलात. ‘लागणे’ आणि ‘गेट’ खरंच समोरासमोर ठेवून बघण्यासारखे आहेत. ‘आय हॅव गॉट टू गो’, मला जावं लागेल. ‘गेट अ जॉब’, नोकरी लागणे. ‘गेट गोइंग’, निघायला लागणे. ‘गेट अडिक्टेड’, व्यसन लागणे. किती ठिकाणी गाठ पडते बघा.

फरक एवढाच की ‘लागणे’मध्ये बहुतेक वेळा माणूस ‘मला’ होऊन मागे सरतो. मला भूक लागली, मला वेळ लागला, मला नोकरी लागली. जणू आपला काही संबंधच नाही. इंग्रजी ‘आय’ मात्र सर्दीलाही ‘मी’ म्हणून पुढे येतो. अनुवाद करताना हा ‘मी’ तसाच ओढून आणला की मराठी बिघडते. ‘मी सर्दी मिळवली’ असं कोणी लिहीत नाही हे खरं, पण ‘मी एक कॉल प्राप्त केला’ असली वाक्यं छापून येताना मी पाहिली आहेत. मला फोन आला, झालं की!

आता राहिलेलं. वस्तू आणि तिच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट’, मी केस कापून घेतले. ‘ही गॉट हिज फोन स्टोलन’, त्याचा फोन चोरीला गेला. साचा तोच, अर्थ उलटा. व्याकरण इथे काही मदत करत नाही, व्यवहारज्ञान करतं. केस माणूस मुद्दाम कापवतो, फोन मुद्दाम चोरवत नाही. तरी एक बारीक छटा आहे. ‘हिज फोन वॉज स्टोलन’ ही नुसती बातमी झाली. ‘ही गॉट हिज फोन स्टोलन’ म्हणणाऱ्याच्या मनात कधीकधी ‘गाफील राहिला असणार’ असंही असतं.

ही छटा तिसरं रूप एकटं आलं तरी टिकते. ‘ही वॉज फायर्ड’ आणि ‘ही गॉट फायर्ड’. दोन्हीत नोकरी गेली. पहिलं कागदावर शोभतं. दुसऱ्यात काहीतरी घडलंय, ते बोलणाऱ्याला लागलंय किंवा त्याची त्याला मजा वाटतेय. ‘गेट’ अशा घडामोडींवर जगतो. जिथे काही घडत नाही, नुसती स्थिती असते, तिथे तो शोभत नाही. ‘द आन्सर इज नोन’ ठीक, पण ‘द आन्सर गेट्स नोन’ कानाला खटकतं. आणि ‘गेट मॅरिड’, ‘गेट ड्रेस्ड’ यांना कर्मणी समजू नका, तिथे माणसं स्वतःच लग्न करतात आणि स्वतःच कपडे घालतात.

‘यू डोन्ट गेट टू डिसाइड दॅट.’ इथे ‘गेट’पुढे थेट ‘टू’ आणि क्रियापद आहे. याला मराठीत तयार साचा आहे: करायला मिळणे. ‘आय गॉट टू मीट हर’, मला तिला भेटायला मिळालं. संधी किंवा मुभा. नकार घातला की मुभा काढून घेतली जाते, म्हणून तुमच्या वाक्याचं मी ‘ते तू नाही ठरवायचं’ असं करीन. ‘तुला ते ठरवण्याचा अधिकार नाही’ हेही बरोबर, पण भांडणात एवढं लांब कोण बोलतं?

‘दॅट्स व्हॉट गेट्स मी’, तेच तर खटकतं. किंवा झोंबतं, प्रसंग बघून. यात ‘गेट’ म्हणजे पकडणं, गाठणं. ती गोष्ट मला येऊन गाठते. ‘यू गॉट मी’ हे मात्र सांभाळा. चेष्टेत सापडल्यावर ‘फसवलंस मला!’, आणि प्रश्न विचारल्यावर ‘मला काय ठाऊक!’ शब्द तेच, पण दुसऱ्याच्या वेळी बहुतेक खांदे उडतात. उपशीर्षक करताना मी चित्राकडे बघते ते यासाठी.

रात्रपाळी

ऐकण्यापुरतं माझ्याकडून. मी रात्रभर अमेरिकन ग्राहकांचे फोन घेतो. कोराकागद, तुम्हाला अर्थाआधी आवाज अडवत असेल. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला ‘ट’ जिभेच्या टोकाने नुसता टिचकी मारल्यासारखा उच्चारतो. आपल्या कानाला तो ‘ड’ किंवा चक्क ‘र’सारखा ऐकू येतो. ‘गेट आउट’चं ‘गेडाउट’, ‘गेट अप’चं ‘गेडप’, ‘गॉट इट’चं ‘गाडिट’. ‘हॅव गॉट टू’ पार आक्रसून ‘गाडा’ होतं. ‘आय गाडा गो.’ त्यातला ‘हॅव’ तर कुठल्या कुठे गेलेला असतो.

म्हणून एक गोंधळ होतो. ‘आय गॉट टू सी इट’ म्हणजे बघायला मिळालं की बघायलाच हवं? मी असं ओळखतो. ‘गाडा’ असं चिकटून आलं तर बहुधा सक्ती. ‘गॉट’ आणि ‘टू’ थोडे सुटे ऐकू आले आणि झालेल्या गोष्टीबद्दल बोलणं चाललं असेल तर संधी. शंभर टक्के नाही, पण काम भागतं.

दुसरं, ‘गॉटन’. ते चुकीचं इंग्रजी आहे असं आम्हाला एका प्रशिक्षकाने सांगितलं होतं. चुकीचं नाही. जुनं रूप आहे, अमेरिकेत टिकलं, ब्रिटनमध्ये मागे पडलं. तिकडेही ‘फर्गॉटन’ सगळेच म्हणतात, आणि वाममार्गाच्या कमाईला ‘इल-गॉटन’. अमेरिकन बोलण्यात दोन्ही रूपं आहेत आणि अर्थ वेगळे आहेत. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतलीय.

कोराकागद

बाप रे. आभार सगळ्यांचे. ‘गाडा’ हे मी आजवर कुठला तरी वेगळाच शब्द समजत होतो.

रात्रपाळी, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर एक विचारतो. ‘आय हॅव गॉट’ दिसायला पूर्ण वर्तमानकाळ, मग अर्थ ‘आहे’ कसा? आणि ‘आय हॅव’ असताना ‘गॉट’ची गरज काय?

मास्तरीण

मिळालंय, म्हणजे आता आहे. अर्थ तसा सरकला आणि तिथेच बसला. आपणही म्हणतोच की, ‘तो बसलाय’. रूप झालेल्या क्रियेचं, अर्थ आत्ताच्या स्थितीचा. ‘मी समजलोय’, ‘ती झोपलीय’, सगळं तसंच.

गरज म्हणाल तर बोलताना ‘हॅव’ आक्रसून ‘आय’ला चिकटतो आणि जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘गॉट’ने वाक्याला वजन येतं. ब्रिटिश बोलण्यात ‘हॅव यू गॉट अ पेन?’ सर्रास, अमेरिकन ‘डू यू हॅव अ पेन?’ म्हणणार. दोन्ही शुद्ध. माझ्या वर्गात मी दोन्ही चालवून घेते, एकाच वाक्यात दोन्हीची खिचडी केली तर मात्र लाल शाई.

जाता जाता, हॉटेलात ‘कॅन आय गेट अ कॉफी?’ म्हणणाऱ्यांवर ब्रिटनमध्ये काही जण फार चिडतात. त्यांच्या मते ‘कॅन आय हॅव’ म्हणावं, ‘गेट’ म्हणजे स्वतः उठून आत जाऊन आणणं. मला तरी हा राग कळतो पण पटत नाही.

टवाळ

मास्तरीणबाई, तुमच्या वर्गात नव्हतो हे बरं.

तळओळ, एक राहिलं. बसला ‘गेट ऑन’ आणि गाडीला ‘गेट इन’ का? दोन्हींत आपण आतच बसतो.

तळओळ

ज्यात उभं राहून चार पावलं टाकता येतात ते ‘ऑन’: बस, ट्रेन, विमान, मोठी बोट. ज्यात वाकून शिरावं लागतं ते ‘इन’: कार, टॅक्सी. सायकल आणि घोडा ‘ऑन’, कारण तिथे वरच बसायचं असतं. मराठीत मी सगळ्यांना ‘चढ’ किंवा ‘बस’ लिहिते, कोणाची तक्रार आलेली नाही.

कोराकागद

आता शेवटची परीक्षा घेतो. काल हे कानावर पडलं, तीन वेळा मागे नेऊन लिहून घेतलं:

‘गेट धिस. ही फायनली गॉट अराउंड टू गेटिंग द रूफ फिक्स्ड, अँड नाऊ द नेबर्स आर ट्राइंग टू गेट हिम टू टेक इट डाउन.’

तुमच्या सूत्राने मी असं लावलं. ‘गेट अराउंड टू’, मुहूर्त लागला. ‘गेटिंग द रूफ फिक्स्ड’, वस्तू आणि तिसरं रूप, म्हणजे छप्पर दुरुस्त करून घेतलं. ‘गेट हिम टू’, त्याला करायला लावणं. पण ‘गेट धिस’ सुटत नाही. हे घे?

आणि एक घरचं, म्हणजे कामाचं. ‘आय विल गेट बॅक टू यू’ असं मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतंच. त्याचा अर्थ नेमका काय धरायचा?

तळओळ

तिन्ही बरोबर लावलेत. ‘गेट धिस’ म्हणजे ‘ऐक तर!’ किंवा ‘गंमत ऐक’. हे ‘समजणे’वालं ‘गेट’: पुढे जे सांगतोय ते नीट पकड. बोलणाऱ्याच्या मते पुढची गोष्ट भारी असते, दरवेळी नसते.

माझ्या दोन ओळी अशा झाल्या असत्या:

‘ऐक तर! छप्पर दुरुस्तीला मुहूर्त लागला,
आता शेजारी म्हणतात, काढून टाक!’

‘म्हणतात’मध्ये ‘ट्राइंग टू गेट हिम’ची खटपट थोडी सांडली, मान्य. ‘मागे लागलेत’ जास्त चांगलं, पण ओळीत मावत नाही. तुमच्याकडे अक्षरांची मोजदाद नसेल तर ‘शेजारी मागे लागलेत, काढून टाक म्हणून’ असं करा. बघा, इथेही ‘लागणे’च आलं.

‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे ‘बघून सांगतो’. आणि आपल्याकडच्या ‘बघून सांगतो’चा जो भरवसा, तोच त्याचाही. सोबत वार किंवा तारीख सांगितली असेल तर वाट बघा. नसेल तर दोन दिवसांनी तुम्हीच आठवण करा, आणि त्या मेलमध्ये ‘गेट’ऐवजी मास्तरीणबाईंचं ‘रिसीव्ह’ वापरा.

रात्रपाळी

+१. आमच्याकडे ‘गेट बॅक टू यू’ म्हणाल्याची नोंद झाली की सोबत वेळ टाकावीच लागते, नाहीतर प्रणाली ती नोंद बंदच करू देत नाही.